विटा वाहणाऱ्या बाईचं पान

सव्वीस जानेवारीला चार दिवस राहिले असताना माझ्या एका पुस्तकाची दोन पानं मला एकमेकांना चिकटवलेली सापडली.

चिकटलेली नव्हे, चिकटवलेली. मी तीस-बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत लहान मुलांना शिकवलं. दुधाने, शेंबडाने, आंब्याच्या रसाने पानं कशी चिकटतात हे मला चांगलं ठाऊक आहे. ती एखाद्या कोपऱ्यात चिकटतात, मधे फुगतात. ही पानं चारही कडांनी, सुबक, वर हात फिरवून बसवल्यासारखी चिकटवली होती. पुस्तक मिटलं की काही कळतही नव्हतं. पानं उलटताना मात्र एक पान जाड लागत होतं.

निवृत्त झाल्यावर मी बोईसरला एका सोसायटीत राहायला आले. इथे बहुतेक घरं कारखान्यांत काम करणाऱ्यांची. मराठी आहेत, गुजराती आहेत, बिहार आणि उत्तर प्रदेशकडचे आहेत, आणि जिन्यात मुलं एकमेकांशी हिंदीतच बोलतात. आल्या वर्षीच मी सोसायटीची तळमजल्यावरची मीटिंगची खोली शनिवारी सकाळी तासभर मागून घेतली. तीन ते सात वर्षांची मुलं यायची. मी चित्रांची पुस्तकं वाचून दाखवायचे आणि मग ती पुस्तकं त्यांच्या हातात द्यायचे. फाटली तर फाटली.

सतरंजी घालायला, पाणी द्यायला, रडणाऱ्याला मांडीवर घ्यायला माझी शेजारीण यायची. ती माझ्याच वयाची, सफाळ्याकडच्या एका गावातली, नवरा गेल्यावर इथे तळमजल्यावर राहायला आलेली. तिच्याइतकं पुस्तकांवर प्रेम करणारं माणूस मी कमी पाहिलंय. तास संपला की प्रत्येक पुस्तक पदराने पुसून पिशवीत ठेवायची.

चिकटवलेलं पुस्तक देशावरचं होतं. पानागणिक एक माणूस आणि खाली एकच ओळ, ‘हा देश माझाही आहे.’ बर्फात उभा असलेला सैनिक होता, डॉक्टरीण होती, चाकाच्या खुर्चीत बसून पतंग उडवणारा मुलगा होता, जाळीची टोपी घालून झेंडा शिवणारा शिंपी होता, चहाची पानं खुडणारी म्हातारी होती. अगदी मधोमध समोरासमोर दोन पानं होती. डावीकडे डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली बाई, उजवीकडे विटा वाहणारी. नेमकी हीच दोन पानं गायब झाली होती.

मी ते पुस्तक पालघरच्या एका प्रदर्शनात घेतलं होतं, ते मासळीवालीच्या पानासाठी. मी समुद्रकाठच्या घिवलीची. माझी आय सुके बोंबील आणि करंदी घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची. दुसरीत असताना आमच्या वर्गाच्या भिंतीवर देशातल्या लोकांचा एक तक्ता होता. शेतकरी, सैनिक, शिक्षक, लोहार, परीटसुद्धा. मी गुरुजींना विचारलं, “यात मासळी विकणारी का नाय?” गुरुजी हसून म्हणाले, “तक्त्याला वास येईल म्हणून.” वर्गही हसला. वर्गातली निम्मी मुलं आमच्याच आळीतली होती, तीही हसली. मीही हसले. घरी जाताना समुद्रावर बसून मी हात वाळूने घासले, मग हुंगले, मग पुन्हा घासले. ते मी आयला कधी सांगितलं नाही.

त्या हसण्याचा राग मला फार उशिरा आला, आणि आला तो गेलाच नाही.

आता उजवीकडच्या पानाची गोष्ट, ती एका मुलीची. आमच्या सोसायटीला लागून एका नव्या इमारतीचं काम चाललं होतं. तिथे विक्रमगडकडची काही कुटुंबं पत्र्याच्या खोपटांत राहून मजुरी करत होती. भात कापून झालं की ही माणसं डोंगरातून खाली कामाला येतात आणि पावसाआधी परत जातात. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मी वाचत असताना खिडकीच्या गजांना धरून एक मुलगी उभी राहिलेली दिसली. पाचेक वर्षांची, कमरेवर धाकटा भाऊ. मी पान उलटलं की ती मान वाकडी करून बघायची.

“आत ये,” मी म्हटलं.

ती पळाली. पुढच्या शनिवारी पुन्हा आली. तिसऱ्या शनिवारी मी स्वतः फाटकावर गेले. वॉचमन म्हणाला, “मॅडम, साइटवरच्यांना आत सोडायचं नाही, सेक्रेटरी साहेबांनी सांगितलंय.” मी म्हटलं, “त्यांना सांग, माझी पाहुणी आहे.” आणि तिचा हात धरून आत आणली. भाऊ शेजारणीच्या मांडीवर झोपला.

दोन-तीन आठवडे ती काही बोलली नाही. मग एकदा मी देशाचं पुस्तक काढलं. मधली पानं आली, तशी ती उठली, सगळ्या मुलांच्या पायांवरून चालत पुढे आली आणि उजवीकडच्या पानावर तिने अख्खा पंजा ठेवला.

“ही माजी आय हाय.”

एका मुलाने विचारलं, “तुझी आई पुस्तकात आहे?”

“हां.”

मग जो गोंधळ झाला! ज्याला त्याला आपली आई पुस्तकात हवी. एकाची आई औषधांच्या कारखान्यात तपासणीचं काम करते, ती का नाही? एकीची आई घरी पापड लाटते, ती का नाही? डॉक्टरिणीला तिघांनी आपली आई करून टाकलं. एक बिहारी मुलगा शिंप्यावर बोट ठेवून म्हणाला, “ये मेरे पापा। ये देश मेरा भी है।” मी ती ओळ मराठीत म्हटली, मुलांनी हिंदीत म्हटली, आणि ‘ही’ आणि ‘भी’ यांवर सगळे मिळून इतक्या जोरात ओरडले की वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावलं.

पुढच्या शनिवारी सेक्रेटरी आले. साठीचे, कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. माणूस वाईट नाही. सोसायटीचं पाणी त्यांनीच खटपट करून सुरळीत केलं. मुलं गेल्यावर त्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि उभ्याउभ्याच चाळलं.

“मॅडम, देशाचं पुस्तक वाचल्यावर मुलांची छाती फुगली पाहिजे. यात काय आहे? मासेवाली, चहाची पानं खुडणारी, विटा वाहणारी. आपल्या देशाची हीच ओळख द्यायची का?”

“सैनिक आहे की. डॉक्टर आहे.”

“मग तेवढीच दाखवा. आणि हे ‘माझाही’ काय? सरळ ‘हा देश माझा आहे’ म्हणावं. ‘ही’ लावलं की वाटतं कुणीतरी भांडायला आलंय.”

“आलंच आहे,” मी म्हटलं.

ते हसले नाहीत. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर मुलांना काहीतरी वाचून दाखवा, असं कमिटीनेच मला सांगितलं होतं. त्यासाठी त्यांनी आपल्या पैशाने एक पुस्तक आणलं होतं, रॉकेटचं, गुळगुळीत, जाड पुठ्ठ्याचं. ते माझ्या हातात देऊन म्हणाले, “हे वाचा. आणि साइटवरची मुलं त्या दिवशी नकोत. लोक बोलतात.”

रॉकेटचं पुस्तक चांगलं होतं. खोटं कशाला बोलू, मला आवडलं. मी त्यांना म्हटलं, “दोन्ही वाचीन.”

“मॅडम, खोली सोसायटीची आहे,” एवढंच बोलून ते गेले.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी पिशवी उघडली तर मधली पानं चिकटवलेली. पिशवी आदल्या दिवसापर्यंत शेजारणीकडेच होती. मी पुस्तक घेऊन तशीच तिच्या दारात गेले. ती तांदूळ निवडत होती. मी पुस्तक तिच्यापुढे धरलं. तिने एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

“मीच केलं गो.”

“का?”

“ते आले होते घरी. म्हणाले, तास बंद करायला लागेल. मी म्हटलं, एका पानापायी आख्खा तास कशाला जाऊ द्यायचा? पोरं येतात, त्यांचं काय?”

“आणि त्या पोरीचं काय?”

मी बरंच बोलले. आज आठवलं की लाज वाटते, पण बोलले. हे पुस्तक मी कशासाठी घेतलं होतं, तक्त्याची ती गोष्ट, गुरुजींचं हसणं, सगळं तिला सांगितलं. तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ऐकता ऐकता तिने पुस्तक उघडून चिकटवलेल्या पानावर हात ठेवला.

“म्हणजे तुज्या आयचं पान पण त्यातच गेलं? माज्या ध्यानातच नाय आलं.” मग म्हणाली, “खळ लावलीय. पेजेची खळ. गोंद नाय लावला.”

मला आधी कळलं नाही. ती उठली, गॅसवर टोप चढवला, पाणी उकळायला ठेवलं.

“गोंद लावला असता तर फाटलं असतं. मला म्हायत होतं, तू उघडणार.”

आम्ही दोघींनी पुस्तक वाफेवर धरलं. ती पातळ सुरीने कडा सोडवत होती, मी पान ताणून धरलं होतं. अर्ध्या तासाने पानं सुटली. मासळीवालीच्या निळ्या लुगड्याचा थोडा रंग समोरच्या विटांवर गेला, विटा वाहणाऱ्या बाईच्या कोपराचा पापुद्रा निघाला. पानं पन्हळी पत्र्यासारखी वाकडीतिकडी झाली. आम्ही ती पाटाखाली दाबून ठेवली, वर वरवंटा ठेवला.

सव्वीस तारखेला मी सकाळीच साइटवर गेले. मुलीची आई चुलीपुढे बसली होती. तिला म्हटलं, “झेंड्याला चला.” ती म्हणाली, “आमी कशाला? तुमच्या लोकांचं हाय.” मी म्हटलं, “शाळेत गेला होतात ना? तिथे झेंडा कुणाचा होता?” ती हसली. चुलीतलं लाकूड मागे ओढून, हात पुसून उठली. वॉचमनने मला पाहिलं, तिला पाहिलं, आणि फाटक उघडताना पाठ करून उभा राहिला, म्हणजे त्याने काही पाहिलंच नाही.

झेंडावंदन झालं, राष्ट्रगीत झालं. आवारात खुर्च्या मांडल्या होत्या, पुढे सतरंजीवर मुलं. मी आधी रॉकेटचं पुस्तक वाचलं. मनापासून वाचलं. उलटी मोजणी सगळ्या आवाराने केली, सेक्रेटरींनीही. टाळ्या झाल्या. ते माइककडे यायला निघाले.

“अजून एक आहे,” मी म्हटलं आणि वाचायला लागले.

मुलांना ओळ पाठच होती. सैनिकाला ओरडली, डॉक्टरिणीला ओरडली, शिंप्याला तर बिहारी मुलगा उभाच राहिला. सेक्रेटरी माझ्या बाजूला येऊन हळूच म्हणाले, “पुरे आता, मॅडम. नाश्ता गार होतोय.” माइक त्यांच्या हातात होता. त्यांनी तो बंद केला.

मी तीस वर्षं माइकशिवाय शिकवलंय. मी पुस्तक डोक्यावर धरलं, वाकडं झालेलं पान सगळ्यांकडे केलं आणि वर्गात द्यायचे तो आवाज दिला. “हा देश?”

“माझाही आहे!” मुलं ओरडली. मागून दोन-तीन आयाही.

ती छोटी मुलगी उठली आणि आईला हाताला धरून पुढे ओढत घेऊन आली. सगळे बघायला लागले. आई संकोचली, पण पुस्तकापुढे आल्यावर वाकून नीट बघत राहिली. मला वाटलं, आता हिचे डोळे भरतील. कसलं काय! तिने पानावर बोट ठेवलं.

“चुंबळ नाय.”

“काय?”

“चुंबळ नाय काढली. आन इटा अशा आडव्या नाय लावत. अशा नेल्या तर मान मोडंल.” तिने आपली ओढणी गोल गुंडाळून डोक्यावर ठेवली आणि हातांनी दाखवलं, विटा दोनदोन करून कशा उभ्या-आडव्या रचतात, पाठ कशी धरतात. “हे काढलंय त्यानं कवा इटा नाय वाहिल्या.”

कुणीतरी हसलं. पण ते हसणं मला लागलं नाही. बायका पुढे आल्या होत्या, एकीने विचारलं, “एका वेळी किती नेता हो?” आणि ती सांगत होती. आवारातल्या निम्म्या घरांच्या भिंती अशाच कुणाच्या तरी डोक्यावरून वर गेल्या असणार, पण ते कसं करतात हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नव्हतं. मीही नव्हतं. एवढं भांडून ते पान वाचवलं आणि ते चुकीचं आहे हे मलाही दिसलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी तेलखडूने पुस्तकातल्या त्या बाईच्या डोक्यावर चुंबळ काढली.

पुढच्या शनिवारी मीटिंगच्या खोलीला कुलूप होतं. दारावर कागद, ‘दुरुस्तीसाठी बंद’. कसली दुरुस्ती, कुणी सांगेना. मी मुलांना जिन्यात बसवून वाचलं. त्यानंतर जिन्यात बसू नये म्हणून सूचना लागली. मी पार्किंगमध्ये बसले. पार्किंगबद्दलही लागली. काही आईबापांनी मुलं पाठवणं थांबवलं. एक बाई मला लिफ्टमध्ये म्हणाली, “काकू, तुमचं खरंय, पण आम्हाला इथे राहायचंय.” मी म्हटलं, “मलाही इथेच राहायचंय.” सोसायटीच्या सभेत मी उभी राहिले आणि मला लेखी सांगा म्हटलं, कोणतं पान नको, का नको, खाली सही करा. सही करायला कुणी तयार झालं नाही. खोलीही उघडली नाही. ती आजतागायत मिळालेली नाही, हेही सांगायला हवं.

पार्किंगमधून उठवलं त्या दिवशी शेजारणीने सतरंजीची गुंडाळी बगलेत मारली आणि सगळ्या मुलांना हाक दिली, “चला रे, माज्या घरात.”

मी म्हटलं, “अगं, पुन्हा येतील ते तुझ्याकडे.”

“येऊ देत. घर माज्या नावावर हाय. बघते कोण कुलूप लावतं.”

तिच्या हॉलमध्ये सोफा आहे, टीव्ही आहे, मोठं देव्हाऱ्याचं कपाट आहे. सगळं भिंतीला लावून मुलं दाटीवाटीने बसतात. पहिल्या दिवशी नऊ होती. सेक्रेटरी खरंच आले. ती दारात उभी राहिली, त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, “बसायचं असेल तर चपला काढून बसा. पोरं गोष्ट ऐकतायत.” ते पाणी पिऊन गेले. आता समोर आले की ते मला नमस्कार करतात, मीही करते. त्यापलीकडे आमचं बोलणं नाही, आणि मला त्याची गरजही वाटत नाही.

इमारतीचा शेवटचा स्लॅब ओतून झाला आणि वैशाखात ती माणसं परत निघाली. जाण्याआधी मुलगी आईबरोबर आली. मी पुस्तकांची पिशवी तिच्यापुढे ओतली. “तुला हवं ते घे. कायमचं.” मला खात्री होती, कोणतं घेईल. तिने सगळी खालीवर केली आणि रॉकेटचं उचललं.

“हे?” मी विचारलं.

“हे. आय तर रोज दिसते.”

आई म्हणाली, “भिजंल गो ते. खोपट गळतं.” शेजारणीने आतून तांदळाची प्लास्टिकची पिशवी आणून त्यात ते बांधून दिलं. ती मंडळी कोणत्या पाड्यावर राहतात ते मी विचारून घेतलं होतं. पावसाळ्यानंतर गेलेही, पण तोवर ती दुसऱ्या कुठल्या तरी कामावर गेली होती, सूर्या नदीच्या अंगाला, एवढंच कळलं.

गेल्या महिन्यात सफाळ्याजवळच्या एका शाळेतून मला मुलांना वाचून दाखवायला बोलावणं आलं. मुख्याध्यापक फोनवर म्हणाले, “बाई, कोणती पुस्तकं आणणार त्याची यादी आधी पाठवता का? बघून घेतो.”

मी म्हटलं, “यादी नाही पाठवत. पिशवी आणते. मुलं बघतील तेव्हा तुम्हीही बघा.”

मग म्हणाले, “या.”

मी आणि शेजारीण गेलो. पहिली-दुसरीची मुलं होती, शेतकऱ्यांची, काही पाड्यावरची. देशाचं पुस्तक वाचून झालं, ओरडून झालं. मग मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला.

“बाई, यात चोर का नाय?”

“चोर?”

“चोर पण देशातच ऱ्हातात ना? मग तो देश त्यांचा पण हाय का?”

वर्ग दोन भागांत फुटला. हाय म्हणणारे आणि नाय म्हणणारे. एकाने सांगितलं की त्यांच्या घरची कोंबडी चोरलेला माणूस त्याचा काकाच आहे. त्यावरच पुढचा सगळा वेळ गेला. मुख्याध्यापक दारातून घड्याळ दाखवत होते. मी त्यांच्याकडे पाठ करून बसले आणि त्या मुलीला म्हटलं, “तू बोल. तुला काय वाटतं?”